मावशीला हवं होतं जावेपेक्षा भारी कार्ड

माझी मावशी कपडे अल्टर करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, लग्नानंतर सुटलेल्या लोकांचे शर्ट उसवून मोठे करणं, हे तिचं काम. जिन्याखाली एवढंसं दुकान आहे, मशीन, स्टूल आणि ती, झालं. वरच्या मजल्यावर तिची धाकटी जाऊ राहते. मावशी पाठीमागे तिला महाराणी म्हणते.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे हॉटेलात जेवायला गेलो. बिल आलं तसं महाराणींनी पर्समधून सोनेरी क्रेडिट कार्ड काढलं आणि दोन बोटांत धरून, बिलाकडे न बघता वेटरला दिलं. बस, एवढंच. पण मावशीचा घास तोंडातच राहिला. घरी आल्यावर चप्पल पण न काढता मला म्हणाली, "मला कार्ड पाहिजे. माझ्या नावाचं. तिच्यापेक्षा भारी."

"तुला कशाला गं?"

"कशाला म्हणजे? तिने काय एकटीनेच मिरवायचं?"

दुसऱ्याच दिवशी मला बँकेत ओढत नेलं. तिथल्या टायवाल्याने आधी सोनेरी कार्डाचीच पुस्तिका पुढे केली. विमानतळावर आरामात बसायची सोय वगैरे. "तुम्ही विमानाने जाता ना?" मावशी बिनधास्त म्हणाली, "जाते की." ती जन्मात विमानात बसलेली नाही, मला हसू आवरेना.

पण मावशीला एक सवय आहे. कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करून आतली शिलाई बघते. तिने पुस्तिका पण उलटी केली आणि शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचायला लागली. पहिलं वर्ष फुकट, पुढे दरवर्षी फी.

"नुसतं पाकिटात ठेवलं तरी फी?"

"हो."

"मी मशीन बंद ठेवून गिऱ्हाइकाकडून पैसे घेते का?"

टायवाला म्हणाला, "मग तुमच्या मिस्टरांच्या कार्डावर तुमचं एक जोडून घ्या, तेही फुकट."

"मी काय त्यांच्या शर्टाचं बटण आहे?"

मग त्याने तिसरं काढलं. मावशीची स्वतःच्या कमाईची ठेव आहे, ती तारण ठेवून मिळणारं कार्ड. वार्षिक फी कधीच नाही. पण दिसायला अगदी साधं, राखाडी. आणि कार्ड असेपर्यंत ठेव मोडता येणार नाही. मावशी पेन हातात धरून किती वेळ बसली. ठेवीचं तिला काही नव्हतं. "हे बघून ती हसेल गं," एवढंच म्हणाली, आणि तोंड वाकडं करून मी भरलेल्या फॉर्मवर सही केली. मला इतकं वाईट वाटलं ना.

कार्ड आलं त्याच आठवड्यात महाराणी ब्लाउज सैल करून घ्यायला खाली उतरल्या. कार्ड मशीनवरच पडलेलं. "अय्या ताई, हे काय, लायब्ररीचं कार्ड?"

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. ती बोलूच शकत नव्हती, नुसती लाल झाली. मला राहवलंच नाही. मी म्हटलं, "क्रेडिट कार्ड आहे. तिच्या ठेवीवर मिळालंय, फी नाही त्याला. आणि तिच्या एकटीच्या नावावर आहे, खर्चाचा मेसेज पण तिच्याच फोनवर येतो."

महाराणीने कार्ड उचलून बघितलं. मग हळूच म्हणाली, "नवऱ्याला नाही जात मेसेज?"

"नाही."

"माझं ह्यांच्या कार्डावरच जोडलेलंय. परवा लिपस्टिक घेतली तर दुकानातून बाहेर पडायच्या आत ह्यांचा फोन. म्हणे, घरात तीन आहेत."

मावशीने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. खरं सांगते, इतकं समाधान मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. पण ते टिकलं किती, तर महाराणी माझ्याकडे वळेपर्यंत. "माझी पण आहे एक ठेव, माहेरची. मला पण भरून दे ना गं ह्याचा फॉर्म. सोनेरीही राहू दे, हेही असू दे."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. आता हिच्याकडे दोन.

महाराणी वर गेली. तिच्या ब्लाउजची शिलाई मावशी जरा जास्तच जोरात उसवत होती.

"देऊ का गं भरून?" मी विचारलं.

"दे," मावशी म्हणाली. "पण सावकाश भर. काही घाई नाही."