जाळीला लागलेली बातमी

सुर्रर्र! लहानपणी ऐकलेला तो आवाज अजून कानात आहे. कोकणात आमच्या खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलात वडील गळाला लावायला किडे काढायचे. एकाला फावडं लागलं, की आजूबाजूचे सगळे बिळात ओढले जायचे. वडील म्हणायचे, "एकाला लागलं, की सगळ्यांना कळतं." मला तेव्हाही भीती वाटायची. पुढे गाझियाबादच्या एका लॅबमध्ये तसलेच किडे सांभाळायची नोकरी लागली! किस्से गाळासारखे साचत गेले. तळाला हात घालायला तेवढी भीती वाटते.

*

लॅबमध्ये कायम दवाखान्याचा वास. नवा गार्ड पहिल्याच दिवशी घाबरून आत आला, "अंकल, किसको चोट लगी?"

रिसर्च करणाऱ्या ईशा मॅडमनी त्याला समजावलं, की हे किडेच पाण्यात असल्या वासाचं रसायन सोडतात. मग मासे त्यांना खात नाहीत, आणि दुसऱ्या जिवांची पिल्लं शेजारी घर करत नाहीत.

गार्ड म्हणाला, "मैडम, एक बोतल दे दो. मकान मालिक पास नहीं आएगा!"

*

मॅडम मराठी, पण दिल्लीत वाढलेल्या. एकदा म्हणाल्या, "काका, खाजण म्हणजे?"

"समुद्र जिथं बसून दम खातो ना, ते."

"क्या बात है, काका!" म्हणत त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

एकदा त्यांनी जखमी किड्यांच्या टाकीतलं थोडं पाणी मोठ्या टाकीत सोडलं. डोकावणारी सगळी तोंडं क्षणात वाळूत!

"रक्त दिसलं का त्यांना?"

"दिसलं नाही, काका. पाण्यातून बातमी पोचली."

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

*

मग मोठ्या टाकीतले किडे वर यायचेच बंद झाले. खाणं बंद. मॅडमचं तीन वर्षांचं काम त्यांच्यावर. मी काचेला तोंड लावून म्हणायचो, "या रे बाबांनो."

मोठे साहेब कॉरिडॉरमध्ये ओरडले, "टैंक में किसने क्या डाला?" धडाधड दारं बंद!

मला ठाऊक होतं. जखमी किड्यांच्या टाकीतली घाण काढायची निळी जाळी फाटली होती. आठवडाभर मी मोठ्या टाकीची पांढरी जाळीच दोन्ही टाक्यांत फिरवत होतो. रोज सकाळी बातमी मीच पोचवत होतो! नोकरीची भीती होतीच. पण तिथं मला काका म्हणणारं एकच माणूस होतं.

पांढरी जाळी घेऊन कॉरिडॉरमध्ये मॅडमसमोर गेलो.

"मॅडम, मीच."

एकेक दार किलकिलं झालं. एकेक डोकं बाहेर आलं.

मॅडमनी जाळी नाकाशी धरली. मग ती माझ्या हातात परत दिली, आणि "काका, बातमी पोचली," म्हणत त्या नवी निळी जाळी आणायला निघून गेल्या.