डाव्या कोपऱ्याची शिट्टी
रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा वास नाकात गेला की मला देवगाव रंगारीतला माझ्या मित्राचा गोठा आठवतो. तिथंच आम्ही दोघांनी त्याच्या गाडीच्या डिकीसाठी वूफरचा बॉक्स बनवला होता. प्लाय मी कापला, स्क्रू त्यानं पिळले, भुशानं दोघांच्या भुवया पिवळ्या झाल्या. डाव्या कोपऱ्यात बारीक फट राहिली, बेस वाढवला की तिथून शिट्टी निघायची. मी ती बुजवायला घेतली तर तो म्हणाला, “राहू दे यार, आपल्या बॉक्सची ओळख हाय ती. भीमजयंतीला गाडी तुमच्या मिरवणुकीत लावू, मंग बघ.” जयंतीच्या सकाळी मी पांढरा शर्ट घालून त्याच्या दारात गेलो. ओट्यावर त्याचे वडील चहा पीत होते; त्यांनी मान वर केली नाही. तो डिकीला टेकून म्हणाला, “वूफर उडाला यार, रातीच.” डिकी काही उघडली नाही. मी उलट त्याचीच समजूत काढून परत आलो. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या चुलतभावाची वरात आमच्या गल्लीसमोरून गेली. छातीत धडधडणारा बेस, आणि प्रत्येक ठोक्यामागं ती शिट्टी. गाडी तोच चालवत होता; मला बघितलं आणि काच वर केली. आता हर्सूलला माझं स्वतःचं दुकान आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, तुमच्या बॉक्समधून हवा जराही सुटत नाही. मी सुटूच देत नाही. लोकांनी खोटं खुशाल बोलावं. ते मला ओळखू येऊ नये, एवढीच खबरदारी घेतो.