सायरागुलचा नंबर

आत-बाशी गावच्या दवाखान्यात मी नर्स आहे, आणि मला लोकांच्या चांगल्या वागण्याचा वीट आलाय. वाईट वागणाऱ्यांचं काही नाही. कुणी चिखलाच्या बुटांनी येतं, कुणी एका पेशंटमागे सात नातलग आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमीसच्या बाटल्या घेऊन येतं. त्यांना मी झाडते, ते ऐकतात. सभ्य माणसांचं काय करायचं?

सायरागुल तशी सभ्य. वरच्या मेंढपाळ वस्तीतली सून, सातवा महिना. लग्न होऊन आली तेव्हापासून सगळ्यांच्या आधी उठायची, दिसेल त्या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार करायची, सासूसमोर तोंड उघडायची नाही. अख्खी वस्ती तिचं कौतुक करायची.

त्या सकाळी सासू, कालबूबू, तिला घेऊन आली.

"काय होतंय गं?" मी विचारलं. पोरीने सासूकडे पाहिलं.

"डोकं दुखतंय जरा. दुसरं काय असणार," सासूच म्हणाली.

पोरीचे पाय टरटरून सुजले होते. मला ते लक्षण बरं वाटेना. मी तिला पहिला नंबर दिला, दाराशी बसवलं आणि बजावलं, "नाव पुकारलं की सरळ आत यायचं. कुणासाठी थांबायचं नाही."

मी नाव पुकारलं आणि आत आला उंच पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा. "नुसतं विचारायचंय. पोरीने नंबर दिला मला." मी त्याला हाकलत होते, तर डॉक्टरच म्हणाले, "असू दे, वडीलधारे आहेत." पुन्हा पुकारलं, तर एक आजीबाई. मग प्रेशर बघायला आणखी एक म्हातारा. त्याचं प्रेशर माझ्यापेक्षा चांगलं निघालं मेल्याचं.

मी तणतणत बाहेर गेले. "लाज नाही वाटत? पोटुशी बाई उभी आहे आणि तुम्ही बाकावर?"

"आम्ही कुठं मागितला नंबर? तीच उठली," टोपीवाला म्हणाला.

"वळणच आहे तिला तसं," सासू म्हणाली. बाकावरच्या सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या. मला शिसारी आली. मी पोरीचा दंड धरून तिला आत ओढलं, पण उंबऱ्यातच तिला झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली.

घाईघाईने पोट फाडून तिला वाचवलं. मूल गेलं. मुलगा होता.

दोन दिवसांनी मी अंगणापलीकडच्या वॉर्डात तिला बघायला गेले. वस्तीतल्या बायका तळलेल्या पिठाचे बोरसोक घेऊन समाचाराला आल्या होत्या, खाट वेढून बसल्या होत्या. सासू डोळे पुसत सांगत होती, "अशी गुणाची सून शोधून सापडायची नाही." तेवढ्यात आणखी एक म्हातारी दारात आली. तिला बसायला जागा नव्हती.

सायरागुलने पांघरूण बाजूला केलं, टाक्यांवर हात दाबला आणि खाटेवरून उतरायला लागली. कुणी तिला अडवलं नाही. मी धावत जाऊन तिचे खांदे धरले.

"ताई, सोडा ना," ती हळूच म्हणाली. "बरं दिसत नाही."