दसऱ्याले झोपलेली मशीन

बार्शीटाकळीत माह्या भिंतीले लागून मनकर्णाबाईचं घर. बायांचे ब्लाऊज शिवते, त्याच्यावरच तिचं चालते. तिची गोष्ट मी, तिची शेजारीन पार्वता, सांगतो, कारन ती सांगाले बसली तं त्या करिश्माच्याच नावाले साखर लावन.

करिश्मा तिची पहिली चेली. माय मजुरीले जाये अन् पोट्टी दिवसभर मनकर्णाच्या ओट्यावर. मशीनच्या पायट्यावर पाय पुरेना, तं मनकर्णा आपला पाय खाली ठेवे अन् पोरीचा पाय त्याच्यावर घे. अशी शिकवली व माय तिले! कापनी, काज, गळ्याची पट्टी, सारं देल्लं. अन् दसऱ्याची रीतबी देल्ली. दसऱ्याले मशीन पुसाची, हळद-कुंकू लावाचं, झेंडूचा हार घालाचा, अन् त्या दिवशी चाकाले हात लावाचा नाही. मनकर्णा म्हने, "आज मशीन झोपली हाय, तिले उठवू नोको." तेच पोट्टी आता अकोल्यात बुटीक टाकून बसली, काचेच्या दरवाजाचं.

मागच्या साली मनकर्णाच्या मनात आलं का गल्लीतल्या पोट्ट्याइले शिलाई शिकवावी. दिवाळीच्या सुट्ट्यात त्याइच्या माया कापूस वेचाले जातात अन् पोट्टे मोबाइलात डोये फोडत बसतात. पन तिच्या मशीनवर दिवाळीचे ब्लाऊज. पोट्टे बसले तं गिऱ्हाइकाले काय सांगन? म्हनून एक जुनी मशीन पाह्यजे होती. तिनं करिश्माले फोन केला.

"बाई, माह्याजवळच हाय ना एक," करिश्मा म्हने. "दुसऱ्याले काहून विचारता? दसऱ्यालेच या, मुहूर्तबी साधते."

आमच्या घरचे दसऱ्याले झेंडू विकाले अकोल्याले जातच असतात. त्या गाडीत फुलाच्या पोत्याले टेकून आमी दोघी गेलो. मशीन तं व माय, नवरीसारखी सजवलेली! नवा काळा रंग, त्याच्यावर हळदीचे पट्टे. मी नेलेला हारबी करिश्मानं माह्या हातातून घेऊन मशीनच्याच गळ्यात घातला.

मी म्हनलं, "मनकर्णे, चाक फिरवून पाह्य."

मनकर्णानं डोये वटारले. "आज? पार्वताबाई, काहीबी बोलतं तू!"

तं ते करिश्मा हात जोडून म्हनते, "हो ना काकू, आज कशी चालवाची? बाईनंच तं शिकवलं मले."

मनकर्णाच्या डोयात टचकन पानी आलं. "पाह्य," मले म्हने, "पोरीनं रीत धरली." सालभर जमवलेले पैसे तिनं तिथंच देल्ले. करिश्मा पाया पडली. त्याच गाडीत मशीन घरी आनली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, सुट्टीची वाट न पाहता, गल्लीतल्या आचल, रागिणी अन् त्याइच्या मागचं सारं लेंढार चिंध्या घेऊन दारात हजर. मनकर्णानं नारळ फोडला, आचलले बसवलं. चार टाके पडले अन् मशीन कडकन अडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा अडकली. पोट्टीचं तोंड उतरलं. तिले वाटलं, आपल्याच हातानं मोडली.

देवमन मिस्त्रीले बोलावलं. त्यानं हार काढला, हळद पुसली, रंग खरवडला. खाली आडवी भेग, वेल्डिंग करून बुजवलेली. "हे मशीन मले अकोल्यातल्या बुटीकवालीनं उन्हाळ्यातच दाखोली होती," तो म्हने. "ओतीव लोखंड हाय, सांधा धरत नाही. मी तिले सांगतलं, भंगारात देऊन टाक."

मी म्हनलं, चाल अकोल्याले, तिच्या दुकानासमोर उभी राहून तिच्या सात पिढ्या काढतो! मनकर्णा नाही म्हने. तिनं नुसता फोन लावला. म्या कान लावला होता.

करिश्मा म्हने, "बाई, तुमी पाहूनच घेतली ना? तवाच चालवून पाहाची होती."

मनकर्णानं फोन ठेवला. मंग मले म्हने, "तिले मालूम होतं मी चालवनार नाही. मीच शिकवलं होतं व तिले."

पोट्ट्याइले तिनं परत धाडलं नाही, आपल्याच मशीनवर बसवलं. दिवाळीचे अर्धे गिऱ्हाइक तुटले. मी किती बोंबललो, पन तिनं ऐकलं नाही.

यंदा दसऱ्याले मी हार घेऊन गेलो. पोट्ट्याइनं मशीन लख्ख पुसली होती. आचलनं हळद-कुंकू लावलं अन् बाजूले मांडी घालून बसली. मनकर्णानं माह्या हातातला हार घेतला, खुंटीले टांगला, अन् सुईखाली चिंधी सरकवली.

"बस आचल. चालव."

"बाई, आज तं दसरा हाय. झोपली ना मशीन?"

"चालव म्हनलं ना. कोनाचीबी असो, कोनताबी दिवस असो, चालवून पाहाची."

पोट्टीनं भेत भेत पायटा दाबला. मशीन चालली, बरोबर चालली. मनकर्णा भिंतीकडे तोंड करून उभी होती अन् लुगड्याच्या पदरानं नाक पुसून राहिली होती.

पैसे गेले, ते येतीन. मनकर्णाचा दसरा नेला त्या पोट्टीनं, तो कोन आनून देईन?