मामांची परदेशातली सेवा

माझ्या मामेसासऱ्यांना एखादी वस्तू देऊन ती त्यांच्याकडेच राहू देणं ज्याला जमलं, असा माणूस नाशकात अजून जन्माला यायचा आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात उभी हयात काढली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. स्वभावाने गायीसारखे गरीब, पण फुकटचं काही मिळालं की त्यांना पित्त होतं. पावसात कुणी छत्री दिली, तर ती परत जाते नवी मूठ बसवून. रिक्षात ओळखीचं कुणी भेटलं तर हे त्याचंही भाडं देतात, आणि त्याने आधीच दिलेलं असलं तर रिक्षावाल्याला दुसऱ्यांदा घ्यायला लावतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा नर्सबाईंनी चादर बदलली, त्याचाच त्यांना इतका संकोच झाला की पुढे एका हातात सलाइनची बाटली उंच धरून दुसऱ्या हाताने वॉर्डभर चहा वाटताना सापडले. डॉक्टर फार रागावले. मामांनी त्यांनाही चहा दिला.

आमच्या शेजारी एक गुरुजी राहतात. त्र्यंबकेश्वरला पूजा सांगायला जातात. त्यांच्या पत्नीने एका दिवाळीत मामांकडे चार अनारसे पाठवले. बिचाऱ्यांना कल्पना नव्हती. तासाभरात ताटली परत गेली ती अख्खा केक घेऊन. काकूंनाही राहवेना, त्यांनी करंज्या धाडल्या. मामांनी बर्फी. त्यांनी चकल्या, मामांनी सुक्यामेव्याचा डबा. असं करत करत नाताळ आला आणि मामांनी द्राक्षांची अख्खी पेटी त्यांच्या दारात नेऊन ठेवली, तेव्हा गुरुजी स्वतः खाली आले आणि हात जोडून म्हणाले, "थांबवा आता. माझी साखर वाढली हो." मामांना फार वाईट वाटलं. साखर कमी व्हावी म्हणून त्यांनी गुरुजींना कारली नेऊन दिली.

दुसरी सवय विजेची. जन्मभर वीज बनवल्यामुळे ती जळताना त्यांना बघवत नाही. कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढतात आणि आधी बटणं बंद करतात, मग यजमानांना अंधारातून, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीप्रमाणे, "सलाम" म्हणतात. एका रविवारी भर उपासनेत, पाळकसाहेब प्रकाशाविषयी बोलत असताना, मामांनी उठून चर्चमधले सगळे दिवे मालवले. "खिडकीतून ऊन येतंय की," एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्याच पाळकसाहेबांनी पुढे एकदा जाहीर केलं, की नेपाळातल्या डोंगरात गरीब मुलांचं एक वसतिगृह आहे, आणि यंदा आपल्या मंडळीतली काही माणसं तिथे सेवेला जातील. वाक्य पुरं व्हायच्या आत मामांचा हात वर गेला होता. आमच्याकडे हे नवलच होतं. आजवर परदेशातून पाहुणे आमच्याकडे येत, सुरगाण्याच्या वसतिगृहाची भिंत रंगवत, मुलांबरोबर फोटो काढत, डोळे पुसत आणि जात. ती भिंत इतक्यांदा रंगली होती की खोली आतून अरुंद झाल्याचा भास होई. मामा त्याच वसतिगृहात वाढलेले. लहानपणी परदेशाहून आलेल्या खोक्यातून त्यांच्या वाट्याला एकदा बूट आले होते, दोन्ही डाव्या पायाचे. ते त्यांनी फाटेपर्यंत वापरले. "म्हणून मी अजून डावीकडे कलतो," असं ते सांगतात, आणि खरोखरच थोडे कलतात.

तेव्हा या वेळी बूट न्यायचे आणि दोन्ही पायांचे न्यायचे, असं त्यांनी ठरवलं. तिथल्या वसतिगृहाच्या दीदींना फोन करून प्रत्येक मुलाचे पाय कागदावर आखून त्याचे फोटो मागवले. महिनाभर मामा मेनरोडवरच्या दुकानांतून ते मोबाइलवरचे पाय दाखवत हिंडले. पासपोर्टही काढला. नेपाळला तो लागत नाही, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. "सूनबाई, परदेशी चाललोय मी," ते म्हणाले, "वणीला नाही."

त्यांच्यावर लक्ष ठेवायला मीही बरोबर निघाले. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे बसने सीमा. तिथे मामांनी खिडकीत पासपोर्ट सरकवला आणि शिक्का मागितला. आतला माणूस म्हणाला, "आप लोगों को नहीं लगता, चाचाजी. चलिए." मामा हलेनात. मागे रांग वाढू लागली, पाळकसाहेब घामाघूम झाले. शेवटी मी दंडाला धरून त्यांना पलीकडे नेलं. "इतकी वर्षं लोक शिक्के मारून मारून आमच्याकडे आले," ते वाटभर पुटपुटत होते, "आणि मी निघालो तर म्हणे चलिए."

वसतिगृह डोंगराच्या उतारावर होतं. दगडी पायऱ्या, खाली पाण्याचा नळ, वर मुलांच्या खोल्या. पहिल्या दिवशी बूट वाटले. सगळे नीट बसले, आणि मामा वरातीतल्या नवरदेवाच्या बापासारखे मिरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बिमला नावाची अकरा-बारा वर्षांची मुलगी पाण्याची बादली घेऊन पायऱ्या चढत होती. मामा धावले. "दे, दे इधर. हम सेवा करने को आया है." ती देईना, हे सोडीनात. त्या ओढाताणीत मामांचा पाय घसरला आणि ते चार-पाच पायऱ्या खाली गेले. बिमलाने आधी बादली खाली ठेवली, एक थेंब न सांडता, आणि मग मामांना उचललं.

घोट्याचं हाड चिरलं होतं. जवळच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि परत निघेपर्यंत पाय टेकवायचा नाही, असं बजावलं. अशा रीतीने, नाशिकहून सेवेला गेलेले आमचे मामा उरलेले सगळे दिवस अंगणातल्या खाटेवर पडून राहिले, आणि गरीब मुलांनी त्यांची सेवा केली.

मुलांनी ती आपसांत वाटूनच घेतली. एक चहा आणी, एक उशी सारखी करी, दोघं त्यांच्या धडधाकट पायाला मोहरीचं तेल चोळत, कारण दुसरा प्लास्टरमध्ये होता आणि हौस तर भागवायची होती. मामा कळवळत. प्रत्येक चहामागे ते एक चॉकलेट काढत. बिमलाने पहिल्याच दिवशी ते परत त्यांच्या खिशात घातलं. "बेटा, हम आया है सेवा करने को," मामा काकुळतीने म्हणाले. "हाँ बाजे," ती म्हणाली, "पर अभी हमारा नंबर है." आजोबांना तिकडे बाजे म्हणतात. मामांना ते कळायला दोन दिवस लागले. तोवर त्यांना वाटत होतं, आपल्या बोलण्याला ती बाजा वाजणं म्हणतेय.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ उन्हात बसले होते. एका लहानग्याने वाटीभर भाजलेला मका आणून दिला आणि मामा खातात की नाही, हे बघत समोर उभा राहिला. मामांनी खाल्ला, सगळा. पोरगा उड्या मारत गेला. मग मामा माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"लहानपणी आमच्या वसतिगृहात एक गोरी बाई यायची. लय माया होती तिला. माझ्या गुडघ्याला खरूज झाली होती, रोज स्वतःच्या हाताने मलम लावायची. ती जायच्या दिवशी मी रानात जाऊन करवंदं तोडली. द्रोण भरून नेला तिला द्यायला. तिने माझा गाल धरला आणि म्हणाली, नको नको, तूच खा, तुला लागतील. चांगल्या मनानेच म्हणाली हो." त्यांनी रिकामी वाटी खाटेवर ठेवली. "गाडी गेली तरी मी द्रोण धरून तिथेच उभा होतो. खोलीत नेऊन खावीशीही वाटेनात."

तेवढ्यात बिमला चहा घेऊन आली. मामांनी तो घेतला आणि या वेळी खिशाकडे हात नेला नाही. "चीनी बराबर है," एवढंच म्हणाले. तिचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

नाशकात आल्यावर सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आता मामा रोज पहाटे सोमेश्वरपर्यंत चालत जातात, आणि येताना माझ्यापेक्षा भरभर येतात. दर रविवारी उपासनेनंतर वसतिगृहातून फोन येतो. सगळी मुलं एकदम ओरडतात, "बाजे, खुट्टा कस्तो छ?" पाय कसा आहे, असं. मामा लगेच खुर्चीत बसतात, पाय स्टुलावर घेतात आणि म्हणतात, "थोडा थोडा दुखता है." मग तिकडे मसलत चालते, कुणी हळद सांगतं, कुणी तेल, आणि मामा सगळं लक्ष देऊन ऐकतात.

गेल्या काही वर्षांत मोठी मुलं एकेक करून आपापल्या गावी परतली. गेल्या महिन्यात बिमलाही गेली. परवा फोनवर एक अगदी नवी मुलगी होती, मामांना तिने कधी पाहिलेलंही नाही. तिनेही आधी पायाचंच विचारलं. मामांनी पाय स्टुलावर नीट टेकवला. मग फोन कानाशी घट्ट धरून म्हणाले, "दुखता है बेटा. क्या लगाऊँ, तू बता."