पुठ्ठ्याचं घर

गोंदियातल्या एका आर्किटेक्टच्या स्टुडिओत मी माझ्या नव्या घराचा नकाशा बघायला गेलो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आधीच येऊन बसले होते. केशोरीकडच्या एखाद्या खेड्यातले असावेत. मांडीवर आडवी छत्री, बसचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेलं. समोर त्यांच्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. भात शिजला का बघायला झाकण उचलावं, तसं त्यांनी दोन बोटांनी त्याचं छप्पर उचललं. मॉडेल करणाऱ्या मुलीनं आत कागदाची इवलीशी माणसं ठेवली होती. त्यांनी ती एकेक करून खोल्यांतून काढली आणि सगळी ओसरीवर आणून बसवली.

"काकाजी, आज काय बदलवायचं?" मुलीनं विचारलं.

"मोठ्याच्या खोलीची खिडकी तलावाकडं घे ना माय."

तिनं हसून पेन्सिल घेतली. हे तिच्या सवयीचं झालं होतं.

"बांधकाम कधी काढता?" मी त्यांना विचारलं.

त्यांनी छपरावरची धूळ दुपट्ट्यानं पुसली. "मोठा पुण्याले, लहाना हैदराबादले. बांधलं त मी एकटाच राहीन त्याच्यात. इथं कसे, सारेच आहेत."

छप्पर हलक्या हातानं जागेवर ठेवून ते बसस्टँडकडे निघून गेले.

मग माझी पाळी आली. मुलीनं विचारलं, "भाऊ, तुमच्या घरात माणसं किती ठेवू?"

मी एकटा राहतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

"ठेवा चार," मी म्हणालो.