मूळ विचारणाऱ्या बाई

बारामतीच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी मला सावरलं, हे आधी लिहिते. मान वर न करता त्या प्रत्येकाला विचारतात, "ऱ्हायला कुठं ते न्हाय, मूळ गाव कुठलं?" मी सातवीतून शाळा सोडलेली, वसमतकडून पणदऱ्यात लग्न होऊन आलेली. दर खेपेला, परकी ठरेन म्हणून, घाबरत गाव सांगायची.

पोट फुगत गेलं म्हणून आतली गाठ काढली, तेव्हा एक अंडाशयही गेलं. रिपोर्ट आला त्या दिवशी सासूबाई केसपेपरच्या खिडकीपाशीच म्हणाल्या, "हिची कूसच नासकी. धाडा माहेरी."

बाई रिपोर्ट घेऊन आत डॉक्टरांकडं गेल्या. परत आल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांची मान वर होती.

"मावशी, गाठ अंडाशयावर पसरली, पण तिचं मूळ अपेंडिक्समधी हाय. आन् अपेंडिक्स तुमच्या लेकालाबी हाय. त्याला कुठं धाडताय?"

सगळी रांग हसली. सासूबाईंनी माझी पिशवी उचलली. "चल घरी," म्हणाल्या.

पोट परत फुगेल या धास्तीनं मी अजून रोज परकराची नाडी घट्ट होतेय का ते चाचपते. पण तपासण्या संपल्या, की वसमतची हळद त्या खिडकीत नेऊन देणार आहे. आणि विचारणार आहे, बाई, तुमचं मूळ गाव कुठलं?